अपुऱ्या दिवसांची मुले मोठी झाल्यावर

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल वाचते, आठव्यात जन्मलेले वाचत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे घरोघरी पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. वैद्यकशास्त्राला ती मान्य नाही. मूल गर्भाशयात जितके अधिक दिवस राहील तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढत जाते. आठव्या महिन्याचे मूल सातव्या महिन्याच्या मुलापेक्षा सामान्यतः अधिक सबळ असते. परंतु या समजुतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूल वाचेल की नाही, एवढाच प्रश्न तिच्यात विचारलेला आहे. वाचलेल्या मुलाचे पुढे काय झाले, त्याला नीट दिसू लागले का, ते शाळेत गेले का, मोठेपणी त्याने स्वतःचा संसार थाटला का, याविषयी ती काहीच सांगत नाही.

आश्चर्य हे की, वैद्यकशास्त्रानेही हा दुसरा प्रश्न पुष्कळ उशिरा हाती घेतला. आणि तो हाती घेतल्यावर, त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, हा तिसरा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. कॅनडातील हॅमिल्टन शहरात मॅक्‌मास्टर विद्यापीठात काम करणाऱ्या, भारतीय वंशाच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. सरोज सैगल यांनी आपली कारकीर्द या दोन प्रश्नांच्या मागे वेचली. त्यांच्या कार्याचा परिचय करून घेण्यापूर्वी या मुलांच्या जगण्याची कथा थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

आधी जगण्याचा प्रश्न

मानवी गर्भाची पूर्ण वाढ होण्यास सुमारे ४० आठवडे लागतात. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास अकालजात बालक असे म्हणतात. जन्मतः वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते कमी वजन, १५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर अतिशय कमी वजन आणि १००० ग्रॅमपेक्षाही कमी असेल तर अत्यल्प वजन समजले जाते. सातव्या महिन्याच्या अखेरीस जन्मलेल्या मुलाचे वजन साधारणतः एक किलोच्या आसपास भरते. त्याची कातडी इतकी पातळ असते की आतील शिरा दिसतात. अंगावर चरबी नसल्यामुळे त्याला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. दूध चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ त्याला घालता येत नाही. मेंदूतील कोवळ्या रक्तवाहिन्या सहज फुटू शकतात.

सर्वांत मोठी अडचण श्वासाची असते. आपल्या फुप्फुसांत असंख्य सूक्ष्म वायुकोश असतात. श्वास सोडल्यावर ते पूर्णपणे मिटून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या आतील बाजूस एका पदार्थाचा पातळ थर असतो. पाण्याचा ताण कमी करण्याचे जे काम साबण करतो, तेच काम हा पदार्थ वायुकोशांत करतो. गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत तो पुरेशा प्रमाणात तयार होतो. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलास प्रत्येक श्वासागणिक मिटलेले वायुकोश नव्याने उघडावे लागतात आणि काही तासांतच ते थकून जाते. या मुलांच्या मृत्यूचे मूळ या पदार्थाच्या अभावात आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले. परंतु कारण कळले म्हणून उपाय लगेच हाती येतो असे नाही. १९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना झालेला मुलगा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. त्याचे वजन दोन किलोपेक्षा थोडे अधिक होते. जगातील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखाचे ते मूल दोन दिवसही जगू शकले नाही.

त्यानंतरच्या दशकात परिस्थिती झपाट्याने पालटली. १९७१ साली जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुकोश उघडे राहतील इतक्या सौम्य दाबाने सतत हवा देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९७२ साली न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी, प्रसूतीपूर्वी मातेला विशिष्ट औषध टोचल्यास बालकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात हे दाखवले. लहान मुलांसाठी श्वसनयंत्रे तयार झाली. ज्यांना पूर्वी एका बाजूस ठेवून दिले जाई, ती एक किलोपेक्षाही हलकी मुले आता काचेच्या पेटीतून जिवंत बाहेर येऊ लागली.

हा विजय होता, यात शंका नाही. परंतु डॉक्टरांच्या मनात धास्तीही होती, आणि तिला सबळ कारण होते. १९४० नंतरच्या काळात अकालजात बालकांना भरपूर प्राणवायू देण्याची प्रथा पडली होती. मुले वाचत, पण त्यांतील अनेक आंधळी होत. अतिरिक्त प्राणवायूमुळे डोळ्यांच्या आतील पडद्यावरील अपक्व रक्तवाहिन्यांची विकृत वाढ होते, हे उमगेपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. अत्यंत सद्भावनेने केलेला उपचारही मुलाचे आयुष्यभराचे नुकसान करू शकतो, हा धडा नवजात बालकांच्या डॉक्टरांना असा फार महागात शिकावा लागला. म्हणून नव्या यंत्रांनी वाचवलेली मुले पुढे कशी निघतात, हे पाहणे भाग होते.

हॅमिल्टनची मुले

डॉ. सैगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९८२ या काळात ऑंटारिओ प्रांताच्या मध्य-पश्चिम भागात जन्मलेली, ५०१ ते १००० ग्रॅम वजनाची मुले अभ्यासासाठी घेतली. या निवडीतील एक बारकावा समजून घेतला पाहिजे. एखाद्या मोठ्या रुग्णालयाने केवळ आपल्याकडील मुलांचा हिशेब मांडला, तर त्यात सुस्थितीतील कुटुंबांची किंवा विशेष गंभीर अवस्थेतील मुलेच अधिक येण्याचा संभव असतो. एका ठराविक प्रदेशात जन्मलेली सर्व मुले घेतल्यास हा दोष टळतो. पुढे, त्याच वयाची, त्याच प्रकारच्या कुटुंबांतील, पूर्ण दिवसांनी जन्मलेली मुले तुलनेसाठी घेण्यात आली. तुलना नसेल तर अशा आकड्यांना अर्थ राहत नाही. गणितात मागे पडणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. अकालजात मुलांत ती किती अधिक आहेत, हे कळणे महत्त्वाचे.

दुसरी अडचण चिकाटीची. असे अभ्यास पाच-सहा वर्षे चालतात आणि मग कुटुंबे गाव बदलतात, पत्ते हरवतात, अभ्यासकांचा उत्साह मावळतो. जी मुले पुन्हा तपासणीस येत नाहीत त्यांतच अधिक अडचणीत असलेली मुले असण्याचा संभव असतो. त्यामुळे थोडीशी गळतीदेखील निष्कर्ष फसवा करू शकते. हॅमिल्टनच्या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, ही मुले सरासरी २३ वर्षांची झाली तेव्हाही हयात असलेल्या १६६ जणांपैकी १४९ जण, म्हणजे शंभरातील नव्वद जण, अभ्यासात सहभागी झाले.

शालेय वयातील चित्र काहीसे चिंताजनक होते. या मुलांपैकी जवळजवळ चतुर्थांशांत मेंदूचा पक्षाघात, अंधत्व, बहिरेपण किंवा बौद्धिक मंदत्व यांपैकी काही ना काही दोष होता. ज्यांच्यात असा उघड दोष नव्हता, त्यांतील अनेकांना वाचन, लेखन आणि विशेषतः गणित जड जात असे. वर्गात लक्ष लागत नसे, खेळात हातापायांचा मेळ बसत नसे. येथवरचे निष्कर्ष इतर देशांतील अभ्यासांशी मिळतेजुळते होते. अशा अहवालांत मुलाच्या दोषांची मोजदाद असे आणि ती डॉक्टर करीत.

मोजमाप कोणाचे?

मॅक्‌मास्टर विद्यापीठात त्या काळी जॉर्ज टॉरन्स आणि त्यांचे सहकारी आरोग्याचे मोजमाप करण्याची एक नवी रीत विकसित करीत होते. दृष्टी, श्रवण व वाणी, हालचाल, भावना, बुद्धी, स्वतःची निगा, वेदना अशा अंगांनी माणसाची स्थिती नोंदवायची. आणि मग, अशी स्थिती माणसाला कितपत जगण्यायोग्य वाटते, हे त्याला स्वतःला विचारायचे. मृत्यूला शून्य आणि परिपूर्ण आरोग्याला एक मानून त्या दोहोंच्या दरम्यान प्रत्येक स्थितीचे मूल्य ठरवायचे. मरणापेक्षाही वाईट वाटणाऱ्या स्थितीला शून्याखालचे मूल्य देण्याची मुभा असे.

अकालजात मुले कुमारवयात आल्यावर डॉ. सैगल यांनी ही रीत त्यांना लावली. आजवर ज्यांच्याविषयी केवळ बोलले जात होते, त्यांनाच त्यांच्या आयुष्याविषयी विचारण्यात आले. १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने अनेकांना चकित केले. या मुलामुलींना आपल्या अडचणींची पूर्ण जाणीव होती. पूर्ण दिवसांच्या सोबत्यांपेक्षा अधिक उणिवा त्यांनी स्वतःच सांगितल्या. तरीही आपले जगणे कसे वाटते या प्रश्नावर त्यांतील बहुसंख्यांचे उत्तर समाधानाचे होते, आणि या बाबतीत त्यांना इतर मुलांपासून वेगळे ओळखणे कठीण होते.

यानंतरचा अभ्यास अधिक टोकदार होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत नवजात बालकांचे डॉक्टर, परिचारिका, अकालजात आणि पूर्ण दिवसांच्या मुलांचे आईबाप, तसेच ही कुमारवयीन मुले या सर्वांपुढे पाच काल्पनिक मुलांची वर्णने ठेवण्यात आली. त्यांतील काही मुलांना सौम्य अडचणी होत्या, तर काहींना गंभीर अपंगत्व होते. प्रत्येकाने त्या आयुष्यांचे मोल सांगायचे होते. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापैकी ६४ टक्के लोकांनी किमान एका स्थितीला शून्य किंवा त्याहून कमी मूल्य दिले, म्हणजे ते जगणे मरणाच्या बरोबरीचे किंवा त्याहूनही वाईट ठरवले. आईबापांत हे प्रमाण ४५ टक्के होते. अपंगत्व जितके गंभीर, तितके एका बाजूस डॉक्टर-परिचारिका आणि दुसऱ्या बाजूस आईबाप व मुले यांच्यातील अंतर वाढत गेले.

या आकड्यांचे महत्त्व समजण्यासाठी प्रसूतिगृहातील एक प्रसंग डोळ्यांपुढे आणला पाहिजे. सातशे ग्रॅमचे मूल जन्मले आहे. त्याला श्वसनयंत्रावर ठेवायचे की नाही, हे काही मिनिटांत ठरवायचे आहे. बाप बाहेर उभा आहे आणि तो डॉक्टरांना विचारतो, "तुम्ही काय सांगता?" त्या क्षणी डॉक्टर जे सांगतील त्यात शास्त्र असेलच, पण पुढील आयुष्य जगण्याजोगे असेल की नाही याविषयीचा त्यांचा स्वतःचा अंदाजही नकळत मिसळलेला असेल. हा अंदाज त्या आयुष्यात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांच्या अंदाजापेक्षा अधिक निराशेचा असतो, हे डॉ. सैगल यांनी मोजून दाखवले.

असे का व्हावे? एक कारण असे की, अतिदक्षता विभागातील डॉक्टर मुलाला त्याच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळात पाहतो. ते घरी गेल्यावर बाळसे धरते, चालू लागते, भावंडांशी भांडते, हे त्याला क्वचितच दिसते. दुसरे कारण माणसाच्या स्वभावात आहे. ज्याने कधी चांगले पाहिलेच नाही, त्याला कमी दृष्टी ही गमावलेली वस्तू वाटत नाही. तो आहे त्या दृष्टीनिशी आपले जग उभे करतो.

या निष्कर्षांवर आक्षेपही घेण्यात आले आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. ज्या मुलांची बुद्धी किंवा वाणी फारच बाधित झाली होती, ती स्वतः उत्तर देऊ शकत नव्हती. त्यांच्या वतीने आईबापांना बोलावे लागले. शिवाय माणूस समाधानी आहे म्हणून त्याच्या अडचणी दूर करण्याची समाजाची जबाबदारी संपते, असा अर्थ कोणी काढला तर तो अन्यायाचा ठरेल.

तिशी ओलांडल्यावर

तेविशीच्या सुमारास केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अकालजात गटातील २७ टक्के व्यक्तींत ज्ञानेंद्रियांचा किंवा मज्जासंस्थेचा दोष होता. तुलनेच्या गटात हे प्रमाण अवघे २ टक्के होते. मात्र माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८२ आणि ८७ टक्के होते. कायम नोकरीत असलेले ४८ आणि ५७ टक्के, आईबापांपासून स्वतंत्र राहणारे ४२ आणि ५३ टक्के, विवाहित किंवा जोडीदारासह राहणारे २३ आणि २५ टक्के. ज्या मुलांच्या जगण्याचीच खात्री नव्हती, ती बहुतांशी आपल्या सोबत्यांच्या जवळपास येऊन पोहोचली होती.

एखादा अभ्यासक येथे समाधानाने थांबला असता. डॉ. सैगल आणि त्यांचे सहकारी थांबले नाहीत. हीच माणसे २९ ते ३६ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी करण्यात आली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वेळी चित्र तितके उजळ नव्हते. अकालजात गटाचे उत्पन्न कमी होते, बेकारी आणि अविवाहितांचे प्रमाण अधिक होते, स्वतःविषयीचा विश्वास काहीसा कमी होता. रक्तदाब अधिक असणे, फुप्फुसांची क्षमता कमी असणे, चिंता आणि खिन्नता यांकडे कल असणे, या गोष्टीही या गटाच्या निरनिराळ्या तपासण्यांत आढळल्या होत्या. तथापि त्यांतील बहुसंख्य लोक स्वतंत्रपणे राहत होते आणि समाजाला उपयोगी असे जीवन जगत होते. दारू आणि मादक द्रव्यांचे सेवनही त्यांच्यात कमी होते.

या दोन अहवालांतील फरक हाच दीर्घकालीन अभ्यासाचे महत्त्व सांगतो. तेविसाव्या वर्षी काढलेला निष्कर्ष तेविसाव्या वर्षापुरताच खरा असतो. अशा अभ्यासाला आणखी एक मर्यादा आहे. १९७७ ते १९८२ मध्ये जन्मलेल्या मुलांना फुप्फुसांतील तो साबणासारखा पदार्थ बाहेरून देण्याची सोय नव्हती. आज ती आहे, परंतु आज त्याहून लहान मुलेही वाचतात. म्हणजे चाळीस वर्षांनी उत्तर हाती येते तेव्हा प्रश्नातील मूलच बदललेले असते. म्हणून प्रत्येक पिढीला हे काम पुन्हा हाती घ्यावे लागते.

२०१४ साली डॉ. सैगल यांनी 'प्रीमी व्हॉइसेस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. आपण ज्यांचा अभ्यास केला त्या स्त्रीपुरुषांनी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिलेली पत्रे त्यात आहेत. आकड्यांच्या कोष्टकांतून जे सुटते त्याला या पुस्तकात वाट मिळाली आहे.

आपल्याकडील अनुभव

कॅनडातील निष्कर्ष आपल्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तेथील मूल लहान असते ते बहुधा लवकर जन्मल्यामुळे. आपल्याकडे मातेचे कुपोषण, रक्तक्षय, अल्पवयातील गर्भधारणा अशा कारणांमुळे पोटातच उपाशी राहिलेली मुलेही पुष्कळ असतात. आणि काहींच्या वाट्याला दोन्ही येते, अपुरे दिवस आणि अपुरे पोषण. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०नंतरच्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला आणि तो मुले अठरा वर्षांची होईपर्यंत चालवला. भारतासारख्या देशात इतक्या वर्षांनी मुले पुन्हा शोधून काढणे ही सोपी गोष्ट नव्हे. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ तर तुलनेच्या गटाचा ९७.२ असल्याचे दिसून आले. पोटातही वाढ खुंटलेली आणि दिवसही अपुरे, अशी मुले सर्वांत मागे होती. तरी त्यांची सरासरीही सामान्य मर्यादेच्या आत होती. वाचन आणि गणित या विषयांतील अडचणी येथेही आढळल्या, जशा हॅमिल्टनमध्ये आढळल्या होत्या.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुले अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि त्यांतील ३० लाखांहून अधिक भारतातील होती. जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांचे विशेष कक्ष उघडल्यापासून आपल्याकडेही लहान मुले मोठ्या संख्येने वाचू लागली आहेत. म्हणून त्यांच्या पुढील आयुष्याची काळजी हा आता आपलाही प्रश्न आहे. २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे डोळे जन्मानंतर महिन्याच्या आत तपासून घ्यावेत, असा आपल्याकडील तज्ज्ञांचा दंडक आहे. वेळेवर तपासणी आणि उपचार झाल्यास अंधत्व बहुधा टळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांचे दोष लवकर ओळखून उपचार करणारी केंद्रे उघडण्यात आली. मूल घरी आले, वजन वाढू लागले, की आईबापांना धोका टळला असे वाटते आणि तपासणीच्या तारखा चुकतात. वस्तुतः श्रवण, हालचाल, बोलणे आणि पुढे शाळेतील प्रगती यांवर काही वर्षे लक्ष ठेवणे आवश्यक असते. गणित न येणाऱ्या मुलाला आळशी ठरवून मार देण्यापूर्वी त्याचा जन्म कोणत्या आठवड्यात झाला, हे शिक्षकाला ठाऊक असले तर पुष्कळ अनर्थ टळतील.

डॉ. सैगल यांच्या कार्याने अकालजात मुलांचे भवितव्य गोंडस करून दाखवले नाही, आणि ते काळेकुट्टही रंगवले नाही. त्यांनी मुलांची वाट पाहिली, ती मोठी झाली, आणि मग त्यांनाच विचारले. काचेच्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या आईला, "हे मूल पुढे कसे होईल?" या प्रश्नाचे निश्चित उत्तर आजही कोणी देऊ शकणार नाही. परंतु अशाच पेटीतून बाहेर आलेली कित्येक मुले मोठी होऊन आपल्या आयुष्याविषयी काय म्हणतात, हे तिला आता सांगता येते. पूर्वी ते सांगणारे कोणी नव्हते.